नऊ तारखेची थंडी

ती. अक्कांना सविनय नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सर्व म्हणजे आता मी एकटाच, त्यामुळे ते अगदी खोटंही नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावूनही तुम्ही गच्चीवर जाता, हे मला तुमच्या लेकीकडून कळलं. (तिला रागावू नका. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं.) मी वेळेवर जेवतो, दोन स्वेटर घालतो आणि कोणाशी भांडत नाही. यातलं शेवटचं गेल्या पंधरवड्यापर्यंत खरं होतं.

अक्का, मला राग आला आहे. राग आला की मी गप्प बसतो, आणि एरवीही मी गप्पच असतो, त्यामुळे समोरच्याला फरक कळत नाही. तो कळणारं माणूस एकच होतं. तुमची धाकटी बहीण माझ्या चहा ढवळण्यावरून ओळखायची. आता मी कप फुटेपर्यंत ढवळलं तरी ऐकायला कोणी नाही, म्हणून हे पत्र जरा लांबेल.

मागच्या अंगणातली पांढरी पेटी तुम्हाला आठवत असेल. (पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा 'कबुतरं पाळली की काय?' असं विचारलं होतंत आणि ही दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती.) चार पायांवर उभी, बाजूंना फटींच्या झडपा, दार उत्तरेला आणि आत कमाल-किमान तापमापक. बावीस वर्षं रोज सकाळी सातला हिने ती उघडली. शाळेतून निवृत्त झाली, भूगोल सुटला, पण पेटी सुटली नाही. रात्रभरातलं सर्वात कमी तापमान वहीत लिहायचं आणि महिनाअखेर त्याची नक्कल हौशी हवामान मंडळाला पाठवायची. डिसेंबरात तिला अंथरुणातून उठवेना तेव्हा वही माझ्याकडे आली. म्हणाली, "एक दिवस चुकवू नका, आणि श्वास रोखून वाचा." श्वास का रोखायचा ते पहिल्याच दिवशी समजलं, कारण माझ्या वाफेने चष्मा आणि तापमापक दोन्ही एकदम धुरकटले. दुसऱ्या दिवशी श्वास रोखला, पण चष्मा घरात राहिला. तिसऱ्या दिवशी चष्मा होता, श्वासही रोखला होता, पण पेन्सिल नव्हती. आकडा विसरू नये म्हणून तो पुटपुटत घरात येत होतो, तेवढ्यात शेजारच्या दंतवैद्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, "काका, वाजले किती?" मी म्हणालो, "चार पूर्णांक सहा." ते घाबरून स्वतःचं घड्याळ कानाला लावून बघायला लागले.

या दंतवैद्यांविषयीच मला लिहायचं आहे. त्या दिवसापासून ते रोज सातला तोंडात ब्रश घेऊन भिंतीपाशी उभे राहायचे आणि फेस न सांडता विचारायचे, "आज किती?" (माणूस दातांचा डॉक्टर असला म्हणून अकरा-अकरा मिनिटं दात घासतो यावर माझा विश्वास नाही.) मी आकडा सांगायचो. शेजारधर्म म्हणून सांगायचो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वही "जरा चाळायला" म्हणून मागून नेली, आणि तिथे माझं चुकलं. वहीत नऊ तारखेला १.८ लिहिलेलं आहे. नऊ तारीख कोणती, ते तुम्हाला सांगायला नको. त्या सकाळी ही गेली. दंतवैद्यांना ते माहीत होतं, पण त्यांना दिसलं ते एवढंच, की बावीस वर्षांत इतका खाली पारा कधी गेला नव्हता. याआधीचा नीचांक २.९ होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्याच्या दारावर, 'चप्पल बाहेर काढावी' या पाटीच्या वर, दुसरी पाटी आली: 'बावीस वर्षांतली सर्वात थंड पहाट, १.८! मग पृथ्वी तापते कुठे?' खाली बारीक अक्षरात 'साभार: शेजारचे काका'. मी आभार मानायला सांगितले नव्हते.

तुम्ही म्हणाल, जाऊन सांगायचं होतं. गेलो होतो. पण माझं दुर्दैव असं, की त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली आणि या गल्लीत दुसरा दंतवैद्य नाही. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, दोन्ही गालांत कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी लावली आणि मग विचारलं, "आता तुम्हीच सांगा काका, तापमानवाढ म्हणतात ती खरी असती, तर तुमच्या अंगणात १.८ आलं असतं का?" मी "आं" म्हणालो. ते नर्सबाईंना म्हणाले, "बघा, काकांनाही पटलं." नर्सबाईंनी मान डोलावली. मग दाढ कोरता कोरता त्यांनी मला वीस मिनिटं हवामानशास्त्र शिकवलं. हे सगळं पंखे विकणाऱ्यांनी उठवलेलं आहे, समुद्र आपल्या जागी आहे, आणि त्यांच्या लहानपणीही उन्हाळा होताच. अक्का, माझ्याकडे उत्तर होतं. आज तुमच्याकडे धड दातांचा एक माणूस आला, म्हणून सगळ्या गावाची कीड गेली असं तुम्ही म्हणाल का? इतकं चांगलं उत्तर मला जन्मात सुचलं नव्हतं. सुचलं ते तोंडात कापूस असताना. कापूस निघाल्यावर ओठ बधिर होते आणि बधिरपणा उतरेपर्यंत पुढचा पेशंट खुर्चीत होता.

मला संताप आला तो याचा, की हिने आठ हजार ओळी लिहिल्या आणि या गृहस्थांनी त्यांतली एकच उचलली. ती दरवर्षी मार्चमध्ये बसून पाचच्या खाली गेलेल्या पहाटा मोजायची. पहिल्या सात हिवाळ्यांत त्या वर्षाला सरासरी एकोणीस होत्या, शेवटच्या सात हिवाळ्यांत आठ. हे तिने मला जेवताना इतक्या वेळा सांगितलं आहे, की मला ते घरच्या फोन नंबरासारखं पाठ आहे. यंदा थंडी कडाक्याची पडली, नाही कोण म्हणतं? पण एक हिवाळा म्हणजे एक हिवाळा. बाकीचे एकवीस काय गवत उपटायला गेले होते?

दंतवैद्य एकटे असते तर मी सहन केलं असतं. पण त्या पाटीचा फोटो फिरत फिरत मंडळाच्या सचिवबाईंकडे पोचला. या बाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात, वयाने तुमच्या लेकीएवढ्या असतील. स्कूटरवरून आल्या त्या टेप आणि पाणसळ घेऊनच. पेटीची उंची मोजली, ती तिरकी नाही ना ते पाहिलं, गुडघ्यांवर बसून खालचं गवतसुद्धा मोजलं. तोपर्यंत मी त्यांच्यावर खूश होतो. (चहाला नको म्हणाल्या नाहीत, हेही बरं वाटलं.) मग त्या वही उघडून म्हणाल्या, "काका, काकूंच्या नोंदी म्हणजे सोनं आहे. पण ही नऊ तारीख बघा. आठला साडेपाच, दहाला ५.९, आणि मधेच १.८? सरकारी केंद्रावर त्या पहाटे ६.२ होतं." मी बिस्किटांची बशी पुढे केली. "मांजर वगैरे काही शिरलं होतं का पेटीत?" मी म्हणालो, मांजराने तापमान वाढतं. "वाचताना काही गडबड?" मी चहा ढवळायला लागलो.

अक्का, मी बत्तीस वर्षं वजनमापं तपासली. पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं मेण मी लांबून ओळखायचो. आतून पोखरलेली वजनं जप्त केली, दुकानदारांचे शिव्याशाप खाल्ले, एकाने तर अंगावर मापटं फेकलं. आणि त्या मला, माझ्याच अंगणात, माझ्याच घरचा चहा पिऊन एक मुलगी विचारते की माप बरोबर आहे ना! त्यावर तिने नियम सांगितला. एका केंद्राची वही अर्धी खरी धरता येत नाही. नऊ तारखेचा खुलासा झाला नाही, तर बावीसच्या बावीस वर्षं 'शंकास्पद' असा शिक्का मारून कपाटाच्या तळाच्या खणात जातील. खुलासा झाला, तर वही मंडळाच्या कायमच्या दप्तरात, पुढच्या माणसांनी वापरावी म्हणून. निर्णय येत्या रविवारी, वाचनालयाच्या सभागृहात. त्याआधी दंतवैद्य आणि सचिवबाई यांचा जाहीर वाद: 'यंदाची थंडी काय सांगते?' अध्यक्ष मी. मला कोणी विचारलं नव्हतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं पडलं, की तोंड न उघडणारा माणूस गावात हा एकच आहे.

मग मात्र मी तोंड उघडलं. फाटकापाशी स्कूटर सुरू करणाऱ्या सचिवबाईंना मी म्हणालो, "वहीतला आकडा वहीत राहील." चारच शब्द, पण इतक्या मोठ्याने, की पलीकडे दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझा संताप दुप्पट झाला.

असो. निम्मा राग कागदावर उतरला, उरलेला रविवारी लागेल. गच्चीवर जाऊ नका.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. दंतवैद्यांविषयी जास्तच लिहिलं गेलं. ही गेली त्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद ठेवला होता आणि आलेल्या-गेलेल्यांना पाणी तेच देत होते. तुम्ही त्यांना घरचंच कोणी समजून दोनदा बाजारात पिटाळलंत. ते गेलेही. दाढ आता दुखत नाही.

आणखी ता. क. नऊ तारखेला मी पेटी उघडलीच नव्हती. तुम्ही आत हिच्यापाशी होता आणि मी खुर्चीवर बसून होतो, सात कधी वाजून गेले ते कळलं नाही. दहा तारखेला वही उघडली तर नऊची ओळ कोरी. बावीस वर्षांत एकही कोरी ओळ नव्हती. हिच्या वहीतली सर्वात थंड पहाट २.९ होती, आणि त्या सकाळी मला त्याहून खात्रीने जास्त थंडी वाजत होती, म्हणून १.८ लिहिलं. तापमापकात पाऱ्याच्या टोकाशी एक बारीक कांडी असते, ती नीचांक धरून ठेवते, आपण खाली आणेपर्यंत हलत नाही. मी आठ तारखेनंतर तिला हात लावला नव्हता आणि दहा तारखेला ती ५.९ वर होती. म्हणजे दोन्ही पहाटे पारा त्याच्या खाली गेला नाही. सचिवबाईंना हे आज ना उद्या सुचेलच.

शेवटचं. काल त्यांना फोन करून विचारलं, की समजा, एखाद्याने, कुठल्या तरी दुसऱ्या केंद्रावर, न बघता आकडा लिहिला असेल, तर काय करतात. कुठलं केंद्र, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "काही नाही काका. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. शेजारी सही. शेऱ्याच्या रकान्यात निरीक्षण न होण्याचं कारण. बाकीची वही सुटते." रेघ मारली. सही केली. कारण मी चार वेगळ्या कागदांवर लिहून पाहिलं आणि चारही फाडले. रकाना दीड इंच रुंद आहे आणि हिने त्यात 'धुकं' किंवा 'दव' यापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. तिथे काय लिहावं, ते तुम्ही रविवारच्या आत कळवा.