पाटावरून उठायचं नाही

त्रिमूर्तीनगर, नागपूर
१८ एप्रिल २०२६

ती. इंदुताईस,
रविंद्रचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहिलं तर आधी तुझा मुलगा धर्मेंद्र वाचतो, मग सूनबाई, आणि उरलंसुरलं तुझ्या वाट्याला येतं. म्हणून पोस्टाची वाट धरली. हे पत्र एकटीने वाच.

ऊन आताच अंगावर येतं आहे. कूलर दिवसभर चालू असतो. गौरांगच्या मिहानजवळच्या फ्लॅटची वास्तू अधिक महिना लागायच्या आत, ८ मेला ठरली. पूजेला मी आणि शोभानेच बसायचं, असा त्याचा हट्ट आहे. घर त्याचं, पण पहिला मान आईबाबांचा, असं तो सगळ्यांना सांगत सुटला आहे. पूजा सकाळभर चालेल, आणि एकदा पाटावर बसलं की उठायचं नाही, हे तुला ठाऊकच आहे.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भूगोल मला सोडत नाही. मुलांच्या एका मासिकाने 'कॉन्टिनेंट' हा शब्द कुठून आला, यावर लेख मागितला आहे. शब्द मूळचा लॅटिन. 'एकत्र धरून ठेवणे' या क्रियापदापासून झाला. जी जमीन मध्ये न तुटता सलग पुढे जाते, ती कॉन्टिनेंट. गंमत अशी की आपण त्याच जमिनीला खंड म्हणतो, आणि खंड म्हणजे तुटलेला तुकडा. त्यांना ती धरलेली दिसली, आपल्याला तुटलेली. तिसरा शब्द द्वीप, म्हणजे जिच्या दोन बाजूंना पाणी आहे ती भूमी. म्हणजे मधे कन्हान नदी असली तरी तू आणि मी एकाच कॉन्टिनेंटवर आहोत, याचा विसर पडू देऊ नकोस.

शब्दकोशात त्या शब्दाचा आणखी एक, जमिनीपेक्षा जुना अर्थ आहे. स्वतःवर ताबा असलेला माणूस. डॉक्टर लोक तो वेगळ्या कारणाने वापरतात. मुलांच्या अंकात ते चालायचं नाही.

एक विचारू का? नत्थूजी भाऊजींनी शेवटच्या वर्षी आमच्याकडे येणं का सोडलं होतं? आम्हाला वाटायचं, रागावले असतील.

तुझा लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
आज्ञाधारक,
रविंद्र

मौदा
२३ एप्रिल

चि. रवी यास अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. एकटीनंच वाचलं, दोनदा वाचलं. पयल्यांदा हसले. माझ्या पत्रातल्या 'मले-तुले'वर लाल शाई फिरवणारा मास्तर आता इंग्रजांच्या शब्दाचा बाप शोधून राहिला म्हटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू नाही आलं.

एवढं जगभर फिरवलंस आणि मधातच भाऊजींचं विचारलंस. त्यांना जाऊन इतके दिवस झाले, आजच काहून आठवलं गा? आणि डॉक्टर लोक तो शब्द काहून वापरतात, ते तू लिहिलं नाहीस. तुले लपवता येत नाही. लहानपणी आंबा चोरलास की तूच येऊन विचारायचास, झाडावरचे आंबे कोणी मोजले का म्हणून.

तुझी सून हिमानी, तिचा धर्मेंद्रले फोन आला होता. बाबा पाणीच पीत नाहीत म्हणे. मठ्ठा ठेवला तर तसाच राहते. कैरीचं पन्हं केलं, ते शेजारी देऊन टाकलं. तिले वाटते तुझा कसला उपास चालू आहे. उपासालेही माणूस पाणी पिते, रवी. असल्या उन्हात न पिणारा मी एकच पाहिला होता, आणि त्याच्यासंगं मी संसार केला.

काय झालं ते सरळ लिही. भूगोल नको लिहू.

जिवाले जप, आणि बहिणीवर भरोसा ठेव.
तुझी ताई

नागपूर
२८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भूगोल लिहीत नाही.

दिवाळीपासून मला लघवी धरवत नाही. आधी थेंब, मग जास्त. माझे कपडे मीच धुतो. शोभाला वाटतं निवृत्तीनंतर सुधारलो. फिरायला जाणं बंद केलं आणि गुडघ्याचं निमित्त सांगितलं. कुठल्याही घरात शिरलो की आधी मोरी कुठे आहे ते बघतो. गेल्या महिन्यात दोनदा रंग पळसाच्या फुलासारखा आला. वाडीच्या बाजूला, जिथे मला कोणी ओळखत नाही, अशा एका डॉक्टरकडे जाऊन आलो. गाठ आहे म्हणाले. तपासण्या लगेच करा, बहुतेक ऑपरेशन लागेल, आणि नंतर काही दिवस, कदाचित जास्तच दिवस, ताबा राहणार नाही, असंही म्हणाले.

लेखासाठी शब्दकोश उघडला आणि 'कॉन्टिनेंट'चा तो जुना अर्थ समोर आला; ज्याला लघवी धरता येते, त्याला डॉक्टर तोच शब्द लावतात. तेव्हापासून पुढचं पान उलटवत नाही.

वास्तू होईपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. हिमानीचे आईवडील असतील, गौरांगच्या ऑफिसचे लोक असतील. त्या सगळ्यांसमोर नव्या सोवळ्यात, पाटावर, होमापुढे माझं काही झालं तर? म्हणून आतापासूनच सवय करतो आहे. सकाळी एक पेला, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. जमतं आहे. डोकं दुखतं, पण जमतं आहे.

कोणाला सांगू नकोस. तुला आईची आण घातली आहे असं समज. आणि या उन्हात तू इकडे यायचं नाहीस.

राग धरू नकोस, एवढंच मागणं.
रविंद्र

मौदा
२ मे

चि. रवी,

आशीर्वाद नंतर देईन. हे वाचताना आधी एक पेला पाणी पी. शोभाले सांग, ताईनं सांगितलं म्हणून.

भाऊजी तुमच्यावर रागावले नव्हते. मौदा ते नागपूर बस मधात थांबत नाही, म्हणून येत नव्हते. मलेही त्यांनी लवकर सांगितलं नाही. पोरीचं लग्न होऊन जाऊ दे म्हणत होते. मांडवात दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. सगळे म्हणे, बापाला किती भरून आलं, घासही उतरत नाही. लग्न झाल्यावर नेलं तेव्हा डॉक्टर मलेच रागे भरले, की इतके दिवस काय केलं. तोवर उशीर झाला होता.

तू आईची आण घातली, म्हणून तोंड बंद ठेवते. पण तुले पाटावर बसू देणार नाही. धर्मेंद्राकडून गौरांगले निरोप धाडला, की मोठ्या आत्याची इच्छा आहे, पूजेले त्यानं आणि हिमानीनंच जोडीनं बसावं. मोठ्या आत्याले कोण नाही म्हणते? तू मागं खुर्चीवर बस, मोरीच्या दाराजवळ. आणि तपासणी वास्तूच्या आधी कर. नंतर नाही, आधी.

घाईत लिहिलं, अक्षर वाकडं आलं. लाल शाई फिरवू नको.

सदा सुखी राहा. आधी जिता राहा.
ताई

नागपूर
१० मे

ती. आत्याबाईंना,
हिमानीचा सा. न. वि. वि.

तुमचा निरोप आला आणि गौरांगने मुकाट्याने ऐकला. पूजेला आम्ही दोघं बसलो. बाबा मागे खुर्चीवर होते. मला बरं वाटलं की ते निवांत असतील.

गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. 'जंबुद्वीपे भरतखंडे' म्हटलं आणि मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर बाबा खुर्चीवरून खाली घसरले होते. ओठ पांढरे, अंग तापलेलं. पाटावर बसायचं नव्हतं तरी त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. गौरांग पाटावरून उठला. कोणीतरी म्हणालं की पूजेवरून उठू नये. गुरुजी म्हणाले, उठा, देव बसून राहील.

दवाखान्यात कळलं, लघवी पूर्ण अडली होती. नळी घातली तेव्हा रक्त आलं. डॉक्टर विचारत होते कधीपासून, आणि आम्हा तिघांनाही काही ठाऊक नव्हतं. मग बाबांच्या सदऱ्याच्या खिशात तुमचं पत्र सापडलं.

आत्याबाई, तुम्ही मोठ्या आहात, म्हणून रागाने लिहीत नाही. घाबरून लिहिते आहे. तुम्हाला ठाऊक होतं. मला सांगितलं असतं तर मी त्यांच्या हातात पेला धरून उभी राहिले असते. मला लाज वाटली नसती. माझ्या आजोबांचं सगळं माझ्या आईनेच केलं.

परवा ऑपरेशन आहे. आईंना रात्रभर झोप नाही. तुम्हीही तिकडे एकट्याच काळजी करत असाल, म्हणून हे लिहिलं.

आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची,
हिमानी

नागपूर, दवाखान्यातून
१६ मे

ती. ताई,

शि. सा. न. हिमानीने तुला काय लिहिलं ते तिने मला सांगितलं. तिच्यावर रुसू नकोस. आण मी घातली होती. तिला तसं सांगितलं आहे, आणि आता ती तुझ्याऐवजी माझ्याशी अबोला धरून आहे. औषध मात्र वेळेवर देते.

ऑपरेशन झालं. आज सकाळी नळी काढली. नर्सबाई म्हणाल्या, आता बघू. मी बघत होतो, आणि अंथरूण ओलं झालं. ताई, ज्या क्षणाला मी दिवाळीपासून घाबरत होतो, तो भरदिवसा, खिडकी उघडी असताना, गौरांगसमोर आला. मी भिंतीकडे तोंड केलं. गौरांगने चादर काढली, मला कुशीवर वळवलं, दुसरी घातली. मग माझ्या उशाचा पेला भरला आणि म्हणाला की बाबा, सकाळपासून तुम्ही कमी प्यायलात. एवढंच. मी सगळं पाणी प्यायलो.

मासिकवाल्यांना लेख पाठवला. आजारी म्हणून त्यांनी मुदत वाढवून दिली होती, पण तशी गरज नव्हती. जमिनीच्या अर्थापाशीच थांबलो. धरून ठेवलेली सलग भूमी, इतकं मुलांना पुरे.

काढलेली गाठ तपासायला पाठवली आहे. निकाल पुढच्या आठवड्यात. डॉक्टर चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. शोभा सारखी पदराचं टोक पिळत बसते. मी तिला सांगतो की काही नसणार, आणि ती मान हलवते, आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघतो. दुपारी कूलर बंद पडला की इतकी शांतता होते, की मला भाऊजी आठवतात.

उन्हात येऊ नकोस असं मी लिहिलं होतं. धर्मेंद्राला सांग, सकाळच्या गारव्यात गाडी काढ, आणि कन्हानच्या पुलाअलीकडे एकदा चहाला थांब.

मले भेव वाटून राहिलं, ताई. तू ये.

तुझा,
रवी