विहीर पास होईपर्यंत

५ फेब्रुवारी, सकाळ
आमचे वडील, आबा, एकदा म्हणाले होते, "आपल्या हिरीचं पाणी प्यालेला माणूस दवाखान्याची पायरी चढत न्हाय." हे बोलले तेव्हा ते इंदापूरला सलाईन लावून पडले होते, पण त्याचं कारण वेगळं होतं. वाक्य खरंच आहे.
आज आठवायचं कारण, लेकीचा बारामतीहून फोन. बी.पी.मुळे राजेश्वरीचं बाळंतपण सासरी झालं, ते झालं. आता मायलेकी डाळजला कधी येता, एवढंच विचारलं. तर म्हणाली, पप्पा, आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. अंगावरचं दूध पुरत नाही, पावडरचं दूध पाण्यात कालवून द्यावं लागतं. पाण्यात नायट्रेट जास्त असलं तर तान्हं बाळ निळं पडतं. मी म्हणालो, उकळून देऊ. म्हणाली, उकळून ते जात नाही, पाणी आटून उलट वाढतं.
बी.एस्सी. केमिस्ट्रीला मीच घातली होती. भोगतोय.
संकल्प : आठवड्यात रिपोर्ट. महिनाअखेर नात घरात.

६ फेब्रुवारी
पाळण्याला गुलाबी रंग दिला. आमची ही, सारजा, म्हणाली, पाळणा काय पळून चाललाय व्हय, पाण्याचं बगा आदी. बायकांना घाई फार.

८ फेब्रुवारी
वेळ झाला नाही. उसाच्या खोडव्याला युरिया सोडायचा होता.
माझी जोडणी आख्ख्या डाळजमध्ये कुणाकडं नाही. युरिया कालवलेला ड्रम विहिरीच्या काठावर. त्याची नळी मोटरीच्या खालच्या पाइपात. मोटर पाणी ओढते तसं खतही ओढते. मजूर नको, पाटी नको. गंमत म्हणजे मध्येच लाईट गेली तरी ड्रम आपोआप रिकामा होतो. आज गेणबाला दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, जोतीराव, मोटर बंद, मग खत जातंय कुठं?
शेजाऱ्याचं चांगलं कुणाला बघवत नाही.

१० फेब्रुवारी
उद्या नमुना न्यायचा. म्हणून आज विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकली, दोन डबे. पोरगी दाखवायची म्हटल्यावर जरा पावडर लावतोच की आपण. विहिरीनं काय पाप केलंय?

११ फेब्रुवारी, दुपार
कोल्ड्रिंकची मोठी बाटली धुऊन भरली. बारामतीला लॅबमधल्या पोरीनं टोपण उघडलं, वास घेतला आणि खोकलीच. काका, हे पाणी आहे की फरशी पुसायचं? नमुना घेतलाच नाही. स्वच्छ बाटली हातात दिली. मोटर जरा वेळ चालवा, काही टाकू नका, भरलं की त्याच दिवशी आणा.
राजेश्वरीचं घर तिथून जवळच. गेलो नाही. नात अजून बघितली नाही मी. सारजा दवाखान्यात जाऊन आली, म्हणते कपाळ तुमच्यावर गेलंय. रिपोर्ट हातात घेऊनच जाईन, रुबाबात.
घरी सांगितलं, लॅबला सुट्टी होती.

१५ फेब्रुवारी
पावडरचा वास गेला. आता नियमात नमुना दिला. मोबाईल नंबर विचारला तर माझा पाठ नाही, राजेश्वरीचा सांगितला. रिपोर्ट न्यायला मी स्वतः येतो म्हणालो. चिंता नाही. पाणी आरशासारखं आहे. तळाची कासवं दिसतात.

१९ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. नायट्रेट नव्वद. मर्यादा पंचेचाळीस. खाली लाल शिक्का : पिण्यास अयोग्य.
एस.टी.त बसून विचार केला. पंचेचाळीस ही मर्यादा एका घराची असणार. आमच्या विहिरीवर घर आणि गोठा असे दोन. पंचेचाळीस दुणे नव्वद. हिशोब बरोबर येतो.
राजेश्वरीचा फोन. लॅबचं मशीन बंद आहे म्हणालो. बरं पप्पा, म्हणाली. आवाज बारीक वाटला. झोप होत नसेल.

२२ फेब्रुवारी
सारजाला रिपोर्ट सापडला. भांडण नाही केलं. नुसतं म्हणाली, मग जार लावा की. गेणबाच्या घरी येतोय, आपल्याबी येईल. पोरीला घिऊन या.
मी म्हणालो, जोतीरामच्या दारात विकतचं पाणी येणार नाही. ही विहीर दुष्काळात निम्म्या गावाला पुरली आहे.
ती म्हणाली, गावाला पुरली, नातीला पुरंना.
जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

२५ फेब्रुवारी
सारजा विहिरीवर दुपटी धूत होती. बाळ इथं नाही आणि दुपटी धुते. तेवढ्यात लाईट गेली, मोटर थांबली. ती हाका मारायला लागली, आवो, हिकडं या. वाकून दाखवलं. पाइपातलं पाणी गळत माघारी विहिरीत चाललं होतं, आणि मागोमाग ड्रममधलं खतही नळीतून खाली चाललं होतं. म्हणाली, हितं जातंय तुमचं खत. तवाच इचारलं हुतं गेणबाभावजींनी.
आपण तीन वर्षं ते पितोय, हे तिनं बोलून नाही दाखवलं.
ड्रम काढला. तसाही काढणारच होतो.

१ मार्च
विहीर उपसली. मोटर दोन दिवस चालू. पाणी उसाला सोडलं, उसाची चैन. झरे नवे आहेत, पाणी नवं आहे. आता पंचेचाळीसच्या आत येणार म्हणजे येणारच. बारशाची तारीख मनात धरली. मांडववाल्याला सांगून ठेवलं.

६ मार्च
दुसरा रिपोर्ट : अडुसष्ट. लॅबची पोर म्हणाली, काका, जमिनीत मुरलेलं एका उपशानं जात नाही, पावसाळा जाऊ द्या, परत तपासा. मी विचारलं, अडुसष्टचे पंचेचाळीस करून मिळतील का? हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.
येताना जार घेतला. वर पोतं टाकून आणला. मांडववाल्याला नको म्हणून सांगितलं.

७ मार्च, संध्याकाळ
शेवटी मीच फोन केला. म्हणालो, राजू, घरात जार लावलाय, आता ये. बारसं इथं करू.
ती म्हणाली, पप्पा, नव्वदचा रिपोर्ट लॅबनं माझ्या मोबाईलवर पाठवला होता. तुमच्या हातात पडला त्याच दिवशी. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय.
मी म्हणालो, मशीन खरंच...
ती म्हणाली, राहू द्या. पाण्याचं एवढं काही नव्हतं हो, जारनं भागलं असतं. पण मी झोपले आणि बाळाची बाटली तुम्ही भरली, तर मी विचारीन, कुठलं पाणी घेतलं? तुम्ही म्हणाल जारचं. मग मी काय समजायचं?
मी बारशाचं विचारलं.
बारसं बारामतीला. स्वराली नाव ठेवणार आहेत. तुम्ही दोघं या, म्हणाली. सारजाशी नंतर बराच वेळ बोलली. सारजा हं हं करत राहिली.

८ मार्च
सारजानं दुपटी घड्या घालून पिशवीत भरली, बारामतीला न्यायला. चहा दिला. जारच्या पाण्याचा. चव लागत नाही, पण प्यालो.
संकल्प वगैरे आज नाही. संध्याकाळी राजेश्वरीला फोन करणार आहे. बोलताना अडखळायला होतं, म्हणून इथं लिहून घेतो आणि वाचून दाखवतो :
राजू, मुक्कामाला नको. बारसं झाल्यावर एका दुपारपुरती ये. पाणी तुझ्याकडचं आण, बाटली तूच भर, मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकणार नाही. बाहेर अंगणात बसतो. तुझी आई बाळाला घेऊन उंबऱ्यात बसेल, मी तिथूनच बघतो. नाही म्हणशील, माहीत आहे. तरी ये.