तीन कडू बिअर आणि एक वैद्य

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

आज बिअर प्यायलो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच. — प्यायलो नाही, चाखली. तोंडात फिरवून थुंकली. बरीचशी.

दोष पुतण्याचा. शंतनूनं पडेगावला छोटी ब्रुअरी काढलीय, बावीस तारखेला उद्घाटन. आयपीए म्हणून एक बिअर असते म्हणे, हॉप्स नावाच्या फुलांनी कडू होते. तिचे तीन नमुने केलेत, ठेवायचा एकच. म्हणाला, "काका, तीस वर्षं गुलमंडीत लोकांना काढे पाजताय. कडू ओळखणारी जीभ दुसऱ्या कुणाकडं आहे?" स्तुतीपुढं माझं काही चालत नाही.

एक नंबर — मोसंबी सोलताना उडतो तो वास. कडूपणा नंतर येतो, घशाशी, हलका. दोन नंबर — सरळ कुटकीचा काढा. कावीळ झाल्याशिवाय कुणी घेऊ नये. तीन नंबर गढूळ. वास पिकल्या पेरूचा; पेरूवर विश्वास ठेवून घोट घ्यावा तर मागून कडू.

क्रांती चौकात उतरून बडीशेप खाल्ली. घरी भानुमतीनं विचारलं, "कुठं होतात?" म्हणालो, पेशंट बघायला. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिलं खोटं. पहिलं मोठं.

रविवार, ९ नोव्हेंबर

द्राक्षासवसुद्धा आंबवूनच करतात. उगाच अपराधी वाटून घेतोय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पुन्हा गेलो. एकदाच तपासून निदान करू नये.

बघतो तर समोर नानासाहेब, हातात ग्लास! माझे जुने पेशंट. पित्तासाठी चहा, मिरची, दारू — सगळं बंद केलंय मी त्यांचं. ब्रुअरीची शेड त्यांच्याच शेतात आहे, हे मला आज कळलं.

त्यांनी ग्लास पाठीमागं नेला. मग ते म्हणाले, "वैद्यबुवा, तुमी बी?"

"मी तपासतोय."

"व्हय का. मी बी तपासूनच ऱ्हायलो."

त्यांच्या मते एक नंबर म्हणजे सरबत. "दोन नंबर लई भारी हाय." मी सांगितलं, ते काविळीचं औषध आहे. "मग पित्त बी जाईल की." तासभर वाद. त्या भरात थुंकायचं राहून गेलं. रिक्षा करून दिली शंतनूनं.

निघताना नानासाहेब हळूच म्हणाले, "वहिनीला काय बोलत नाय मी. फकस्त माझा चहा चालू करा." सकाळी अर्धा कप, बिनसाखरेचा, अशी परवानगी दिली. वैद्यकीय कारण काही नाही. भीती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज निकाल द्यायचा होता. मी चेष्टेच्या सुरात सुरुवात केली, पण शंतनू हसला नाही. म्हणाला, "काका, खरं सांगा. हे नाही चाललं तर परत पुण्याला नोकरी." इतके दिवस मी मजा करत होतो.

मग डोळे मिटून तिन्ही घेतल्या, पाण्यानं चूळ भरत, सावकाश. एक नंबर लगेच आवडतो नि लगेच विसरतो. तीन नंबरचा कडूपणा जिभेवर थांबतो आणि दुसरा घोट मागतो. सांगितलं — तीन. नानासाहेब एकटेच दोन नंबरवर अडून. शंतनू माझ्या पाया पडला. आता भानुमतीपासून लपवणं बरं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

भानुमती मेथी निवडत होती. समोर बसून सगळं सांगून टाकलं. तिनं मान वर केली नाही.

"तीनच सांगितलात ना?"

"तुला कसं माहीत?"

"दोन नंबर मी दिवाळीच्या आधीच बाद केला होता. तुमच्यापुढं परत कशाला ठेवला, विचारते त्याला."