जामीन राहण्याआधी पाहिलेल्या कॉलरी

प्रिय मेहुणे यांस,

दाजींचा नमस्कार पोचावा. इकडे तुमची ताई ठणठणीत आहे आणि तिच्या मते मीही ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नक्की कळवा. चढताना दुखत असेल तर काळजी नाही, उतरताना दुखत असेल तर आहे. किंवा उलट. (कंपाउंडरने सांगितलं होतं, पण मी तेव्हा त्याच्या पँटची शिवण बघत होतो.) पत्र लांबेल, चष्मा लावून बसा.

आमच्या चिरंजीवांच्या थोरलीला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या मोठ्या पदवीला परगावी प्रवेश मिळाला. दोन वर्षं, आणि फी, राहणं, जेवण धरून बारा लाखांचं कर्ज. चिरंजीव कर्जात तिचे भागीदार आहेतच, पण बँकेला वर आणखी एक जामीनदार हवा. पोरगी जेवताना एवढंच म्हणाली की एक जामीनदार लागेल. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, पण मला मात्र वाटू लागलं की सगळ्यांचे डोळे माझ्या उजव्या हातावर आहेत. कारण घरात स्वतःच्या नावावर काही असलेला माणूस मीच, आणि ते काही म्हणजे शिलाईच्या दुकानाचा गाळा. तो गेला तर मशीन कुठे ठेवू, हा विचार पोळी तोंडात असतानाच आला.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. डॉक्टर काय करतो ते कळतं, वकील काय करतो ते भोगलेलं आहे, पण दोन देशांचे संबंध जुळवून पोट कसं भरतं? मी तिला म्हटलं, आपल्या जिन्यावरच्या दोन बिऱ्हाडांची चपलांच्या कपाटावरून चार वर्षं बोलाचाल बंद आहे, ती आधी जमव. तिने आठ दिवसांत जमवली. दोन्ही घरच्या बायकांना वेगवेगळं भेटली, कपाट मोजलं, वरचे दोन कप्पे एकीला आणि खालचे दोन दुसरीला, दर सहा महिन्यांनी अदलाबदल. आता त्या एकमेकींच्या दळणाचे डबे नेतात. (पोरीला यात एक पैसा मिळाला नाही. माझा मुद्दा तोच होता.)

मग मी ठरवलं की ही पदवी घेतलेली माणसं प्रत्यक्ष बघायची. माणूस पगार सांगताना खोटं बोलेल, पण कपडे खोटं बोलत नाहीत. झिजलेली कॉलर उलटून शिवली आहे का, कोपर झिजलंय का, पँटचं बूड चकाकतं का, हे बघून मी पन्नास वर्षं उधारी दिली आहे आणि फारच थोड्यांनी बुडवली आहे. बस थांब्यापलीकडे परदेशांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिच्या फाटकाजवळच्या बाकावर मी दोन दिवस बसलो. पहारेकऱ्याने विचारलं, आजोबा, कुणाकडे आलात? मी म्हटलं, कुणाकडे नाही, कॉलरी बघतोय. त्याने मला पाणी आणून दिलं आणि सावलीत सरकवलं. (त्याची स्वतःची कॉलर उत्तम होती, पण ती संस्थेची.) हिशेब असा लागला की अकरा कॉलरींपैकी चार उलटवलेल्या, तीन उलटवायला आलेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक चाळिशीचे गृहस्थ डबा खायला बाकावर आले. कोटाचं अस्तर मागून लोंबत होतं. माझ्या खिशात सुई-दोरा असतोच. मी विचारायच्या आत टाका घातला होता. ज्याचा कोट आपल्या हातात आहे तो माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून मी सगळं विचारून घेतलं. पदवी तीच. पहिलं वर्ष जवळजवळ फुकट राबले, मग अठ्ठावीस हजार, आणि हप्ताच सोळा हजारांचा. कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली. तोवर हिशेबनीस झालेल्या मित्रांनी घरं घेतली होती. मी विचारलं, पस्तावलात का? त्यांनी हातातला घास संपवला आणि म्हणाले, "हप्ता भरायच्या दिवशी पस्तावायचो. एरवी कामात असायचो, आठवण व्हायची नाही." म्हणजे महिन्यातून एक दिवस. मेहुणे, मी मनातल्या मनात माझे पस्ताव्याचे दिवस मोजले. मला बापाने मशीनवर बसवलं, कर्ज एका पैचं नव्हतं, आणि तरी माझे त्याहून जास्त भरले. हे तुमच्या ताईला सांगू नका.

घरी येऊन मी पोरीला एवढंच विचारलं, शिवणीत माया किती ठेवली आहेस? (माया म्हणजे पुढे कपडा सैल करावा लागला तर आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. ती ठेवत नाही तो शिंपी नव्हे.) तिने चार पानं पुढे केली. सहा महिने नोकरी नाही असं धरलेलं, पगार माझ्या गृहस्थांपेक्षाही दोन हजारांनी कमी धरलेला, शिकताना शिकवण्या घेणार ते वेगळं. ते सगळं वजा करूनही हप्ता कसाबसा बसत होता. कसाबसाच, पण बसत होता. मी कापड ताणून बघावं तशी ती पानं ताणून बघितली. फाटली नाहीत.

तेव्हा काल इस्त्रीचा शर्ट घालून, गाळ्याचे कागद घेऊन मी एकटाच बँकेत गेलो. कर्जखात्यातल्या बाईंनी वय विचारलं. शहात्तर म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. सत्तरीच्या पुढचा जामीनदार चालत नाही म्हणे. दोन महिने मला ज्या सहीपायी अन्न गोड लागलं नाही, ती कुणाला नकोच होती. सही करायला वयाची अट आहे, काळजी करायला नाही.

तुमचा,
दाजी

ता. क. : तुमचं वय अठ्ठावन्न. घर स्वतःचं, पेन्शन पक्की. जामीन राहाल का? हप्ते थकले तर गाळा विकून भरीन, हे आत्ताच लिहून देतो. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. (तुमच्या ताईला येईल.)

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला पोरीला दिलं, तर ती म्हणते मामाआजोबांनी तीन आठवड्यांपूर्वीच सही केली आहे. वयाची अट तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. मग मला बोलली का नाहीस, तर म्हणते, तुम्ही इतक्या मनापासून विचार करत होतात, थांबवणं बरं दिसेना. आणि मेहुणे, तुम्ही म्हणे तिला काहीच विचारलं नाहीत, फक्त सही कुठे करायची तेवढं विचारलंत! असं असतं का? एक कॉलर तरी बघायचीत! असो. आता जामीनदार तुम्ही, म्हणून या पत्रातली सगळी काळजी आजपासून तुमच्याकडे देत आहे. दहा वर्षं पुरेल. झेपली नाही तर मात्र परत पाठवा, तुम्हाला सवय नाही.