कालची रेघ

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! टेकडीवरचं, जिना चढून जायचं ऑफिस, मागे राहायला दोन खोल्या, आणि खिडकीतून थेट खालपर्यंत दिसणारा वळणावळणाचा रस्ता. काम ऐकून दादा फोनवर हसत सुटला. म्हणे, धुराकडे बघत बसायचा पगार? बघायचा नव्हे रे बाबा, आखायचा. उपग्रहाचं चित्र दर दहा मिनिटांनी येतं. वणव्याचा धूर त्यात निळसर दिसतो, उडालेली धूळ मातकट. त्याच्या कडेकडेने माउसने रेघ ओढायची, पातळ की दाट ते लिहायचं आणि पाठवून द्यायचं. त्यावरून खाली रस्ते बंद करतात. ऊन तिरपं असताना धूर चांगला उठून दिसतो, म्हणून सकाळी सातला खुर्चीत हवं.

इथे बावीस वर्षं काढलेले मास्तर आज सगळं शिकवून रजेवर गेले. जाताना तीनतीनदा बजावलं, की रेघ रोज कोऱ्या चित्रावर काढायची, कालची उचलून आज चिकटवायची नाही. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

बुधवार, ६ मार्च

पलीकडच्या डोंगराला वणवा लागलाय. दोन दिवस इमानेइतबारे रेघा काढल्या, मान आखडली. आज जाम कंटाळा आला. कालचीच रेघ उचलली, जराशी सरकवून चिकटवली, पाठवली आणि चहा टाकला. परत येऊन बघते तर रेघेच्या आत आमची टेकडी आणि रस्ताही आलेला. तिथे धुराचा मागमूस नव्हता. शिवाय हात घसरून एका कडेला दातासारखं टोक निघालेलं. म्हटलं, दुपारी निस्तरू.

दुपारी धूर तिथे होता. वारा उलटा असूनही. रेघेच्या काठोकाठ भरलेला, त्या टोकासकट.

गुरुवार, ७ मार्च

रेघ पुसली. दहा मिनिटांनी पुन्हा तिथेच. नवी काढली तर नवी नाहीशी होते, चिकटवलेली तेवढी राहते. खिडकीतून फाटकापलीकडचं काही दिसत नाही. आणि धुराला वास कसा नाही? तोंडाला ओला रुमाल बांधून रस्त्याने खाली निघाले. अर्धा तास सरळ उतार. समोर फाटक आलं. आमचंच.

मास्तरांना फोन लावला. त्यांनी आधी एवढंच विचारलं, की चिकटवलीस का. हो म्हटलं. मग म्हणाले, ती रेघ बाहेर ढकलता येत नाही, फक्त आत ओढता येते. पण ओढू नकोस, जागा कमी झाली तरी आतला धूर तेवढाच राहतो. त्यांच्या आधीच्या माणसाने ओढली होती. त्याचं काय झालं, विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळ. दादाला काही सांगितलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं त्याने. न्यायला निघालाय! येऊ नकोस म्हणून ओरडले. ऐकेल तर तो दादा कसला.

दुपार. त्याचा फोन. रस्ता बंदचा अडसर बाजूला सारून वर आलाय. तिसऱ्या वळणावर अडकलाय. गाडीचं बॉनेटसुद्धा दिसत नाही म्हणतो. खोकतोय, बोलताना दम लागतोय, आणि मलाच विचारतोय, तू बरी आहेस ना. आळस माझा, आणि जीव त्याचा जाणार? देवा —

३:१०. ओढली. रेघ तिसऱ्या वळणाच्या वर आणली.

३:२०. नवं चित्र. वळण मोकळं! दादाला ऊन दिसतंय. मागे फिर म्हटलं. हो बाई, फिरतो म्हणाला. रडले खूप.

३:३०. आणखी ओढली. धोका नको. पार फाटकापर्यंत. आता सगळा धूर इथे — दिवा लावूनही टेबल दिसेना. वही नाकाशी धरून लिहितेय. छातीत आग. असू दे. तो सुटला.

३:४०. माउसला हात लावला नाही — रेघ आपोआप आत —

जिन्यावर पावलं. खोकला. कोण —

दादा. हाक मारतोय —

फिरला नाहीस? अरे, फिरतो म्हणालास ना —

आवाज जवळ येत नाही. चढतोय, चढतोय, आणि परत खालून — मी दारात उभी आहे, हात पुढे — दादा, इकडे, माझ्या आवाजाच्या —