मोहिनीच्या नावाचं खोटं पान

मंगळवार, ९ डिसेंबर २००८

मोहिनी तीन दिवस शाळेत गेलीच नाही! दप्तर घेऊन निघायची आणि पंचवटीत मामीकडे जाऊन बसायची. आज मीनावहिनीनं फोन केला म्हणून कळलं. मोहिनीला विचारलं तर तिनं कॉम्प्युटर लावून दाखवला. नेटवर कुणीतरी हिच्या नावाचं खोटं पान काढलंय. फोटो सहलीतला. खाली वर्गातल्या मुलांनी लिहिलंय — ‘डांबर’, ‘फ्लॅश मारा, नाहीतर दिसत नाही’. पुढचं वाचवेना. आणि मी काय म्हटलं? — “तू फोटो दिलासच कशाला?”

जेवली नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

माफी मागितली. “तुझं नाही, माझं चुकलं.” मग रडली. मग बोलली — तो फोटो फक्त राखीकडे होता. राखी! पहिलीपासूनची मैत्रीण.

ह्यांना सांगताना धाकधूक होती. वाटलं, नेटची वायरच उपटतील. तर म्हणाले, “बंद कशाला? तिनं काय केलंय?” साइटवर तक्रार कशी करायची ते मोहिनीकडूनच शिकले. सगळ्याचे प्रिंट काढून आणले.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मोहिनीला विचारूनच शाळेत गेलो. मुख्याध्यापक — “मुलीला नेटपासून लांब ठेवा.” हे शांतपणे म्हणाले, “सर, लिहिणाऱ्यांना विचारा की.” वर्गशिक्षिका देवरे बाईंनी सगळे प्रिंट वाचले. मध्येच चष्मा काढून डोळे पुसले. “उद्या तिला माझ्याबरोबर वर्गात येऊ दे.”

बाई, तुमचे उपकार विसरणार नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

गेली! ह्यांनी कंपनीत रजा टाकली. शाळा सुटेपर्यंत समोरच्या टपरीवर बसून होते.

बुधवार, १७ डिसेंबर

ते पान नेटवरून काढून टाकलं गेलं! बाईंनी वर्गात विचारल्यावर राखीनं कबूल केलं म्हणे. संध्याकाळी आईला घेऊन आली. लताबाईंनी आमच्या दारातच पोरीवर हात उगारला. मी धरला. “मारू नका हो, बोलू द्या तिला.”

“गंमत म्हणून केलं, काकू. मग सगळेच लिहीत सुटले. मला थांबवता येईना.”

मोहिनी म्हणाली, “मला लगेच नाही जमणार बोलायला.” बरोबरच आहे. नाही जमलं तर नाही. पण स्वतः म्हणाली — किती दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला!

रविवार, २१ डिसेंबर

मेथी निवडताना मोहिनी म्हणाली, “आई, बाबा दहावीला नापास नव्हते झाले. गावाकडे देवळ्याच्या शाळेत मुलं त्यांच्या बाकावर रोज जातीवरून लिहायची. शेवटी जाणंच सोडलं. घरी कुणी विचारलंच नाही.”

एकोणीस वर्षांचा संसार. मला ‘नापास’ एवढंच माहीत होतं. ह्यांना लेकीला मात्र सांगता आलं.