जुन्या लुगड्याचं दुपटं

८ जानेवारी १९७४

आज तोंडघशी पडले! तेही जयवंताच्या दारात, तिच्या तीन पोरींसमोर आणि दोन शेजारणींसमोर.

पोटातलं पोर ठेवावं म्हणून बायकांच्या घरी जाणारं आमचं मंडळ. त्यात मी आले त्याच दिवशी कुसुमताईंनी बजावलं होतं – पहिल्या तीन भेटींत विषय काढायचा नाही. आज काय जेवलीस ते विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या त्या, त्यांना कळतं. मला मात्र बी.ए. झाल्याची घाई! जयवंताला तिसरा महिना. चौथं पोर. नवरा म्हणतो काढून टाक, आता कायद्यानं होते. ती पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जाणार हे ऐकलं मात्र, मी उभ्याउभ्याच सुरू झाले. जीव म्हणजे काय, आईचं काळीज म्हणजे काय... कॉलेजात असते तर बक्षीस मिळालं असतं.

ती मागावरून उठलीसुद्धा नाही. धोटा फेकता फेकता म्हणाली, "झालं काय तुमचं? तोंडानं पोट्टं वाढत नाही, बी.ए. बाई. मी बाळंतीण होऊन पडली त कांड्या कोण भरीन? तू भरशील?"

सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "जाऊ दे वं, लेकरू आहे ते."

१० जानेवारी

कुसुमताईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग? येतात तुला कांड्या भरता?"

येतात! सहा वर्षांची असल्यापासून येतात. खाप्याला आजोबांच्या घरी शिकले. पुढे बाबांनी इथं गोळीबार चौकाजवळ माग टाकला आणि मायच्या रहाटावर मीच बसू लागले. रहाट फिरवून नळीवर सूत गुंडाळलं, कांडी भरली, की बोटांना सुताचा रंग लागतो. कॉलेजात मी ती बोटं पदराखाली लपवायची. सदर भागातल्या आमच्या मंडळातही कोणाला सांगितलं नव्हतं की आम्ही कोष्टी, घरात माग आहे.

ताई म्हणाल्या, "तिनं तुला काम सांगितलंय, शामला. भाषण मागितलेलं नाही."

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन गेले आणि न बोलता रहाटावर बसले. जयवंता बघतच राहिली. तासाभरानं म्हणाली, "हात त कोष्ट्याचाच आहे तुहा! मंग तवा एवढं छापील काहून बोलून राहिली होती?"

पंचवीस कांड्या भरल्या. एकदाही सूत तुटलं नाही.

१९ जानेवारी

जयवंता दवाखान्यात गेली नाही. "पुढल्या हप्त्यात पाहू," म्हणाली. मी पुढची कांडी भरायला घेतली.

जाताना तिनं विचारलं, "इथं तू भरतं, मंग घरी कोण भरते वं?"

"माय भरते."

"हं," एवढंच म्हणाली.

२ फेब्रुवारी

मंडळाच्या सभेत एक डॉक्टरीणबाई उठल्या. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द लागला. "कायदा येण्याआधी मौद्याकडून बैलगाडीत आणलेली बाई माझ्या हातात गेली. पोट पाडायला काडी घातली होती कोणी. तेव्हा तुमचं मंडळ कुठं होतं?"

परतताना मी ताईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "खरं बोलल्या त्या. अशा दोघी मीही पाहिल्या. म्हणून मी दवाखान्याच्या दाराशी कोणाला अडवत नाही. बाई तिथवर जाण्याआधी तिच्या घरी पोचायचं, एवढंच आपलं काम."

माझं मत बदललेलं नाही. तो जीवच आहे, पहिल्या दिवसापासून. पण त्या बैलगाडीतल्या बाईलाही आजपासून विसरायचं नाही.

९ फेब्रुवारी

जयवंतानं पोर ठेवलं!!

"तुह्या भाषणानं नाही बरं," आधी हेच सांगितलं. नवऱ्याला म्हणाली म्हणे, "परकी पोट्टी येऊन कांड्या भरून राहिली, अन् तुमचा हात लागत नाही रहाटाले?" तो दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी स्वतः कांड्या भरायला लागला. भरतो वाकड्या, पण भरतो!

बाळंतपणानंतर सहा महिने मी जाणार आहे. शब्द दिलाय.

ताईंनी तिला मंडळाचं दुपटं दिलं. बाईचं मन ठरलं की दुपटं द्यायचं, ही इथली रीत. बाळ यायच्या आधी नवं कापड शिवू नये म्हणतात, म्हणून आमची दुपटी जुन्या लुगड्यांची. त्याला कोणाची हरकत नसते. जयवंतानं ते गालाला लावलं आणि आत निघून गेली. मी किती भाग्याची! बाबांनी शिकवलं नसतं तर मंडळ दिसलं नसतं, आणि मायनं रहाटावर बसवलं नसतं तर जयवंता भेटली नसती.

१६ फेब्रुवारी

ताईंकडे एक नवी बाई आली आहे. आपणहून आली. दवाखान्यात जाण्याआधी एकदा बोलायचं होतं म्हणे. वय चाळिशीच्या पुढं. ताई म्हणाल्या, "हिच्याकडे मीच जाईन. तू नाही."

मला वाईट वाटलं. अजून माझ्यावर भरवसा नाही की काय?

२१ फेब्रुवारी

ताईंना आज पुन्हा विचारलंच. नाव सांगितलं नाही, कारण सांगितलं. त्या बाईला घरच्या माणसाचा त्रास नाही. तिला लाज वाटते – घरात लग्नाच्या वयाची लेक आहे. लेकीचं लग्न ठरवायचं त्या वयात आपणच बाळंतीण व्हायचं! लेकीला काय वाटेल, पाहुणे काय म्हणतील, या धास्तीनं मन ठरत नाही.

मला त्या लेकीचाच राग आला. एका घरात राहून हिला काहीच कसं दिसत नाही?

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एक दुपटं शिवून ठेव. लागलं तर लागलं."

२४ फेब्रुवारी

मायकडे जुनं लुगडं मागितलं. तिनं हिरवं काढून दिलं, माझ्या जन्माच्या वेळचं. धुऊन धुऊन सायीसारखं झालंय.

"कोणाले पायजे?"

"आहे एक बाई. मोठ्या लेकीच्या लाजेनं मन ठरत नाही तिचं."

माय रहाट फिरवत होती. तिला पित्ताचा त्रास आहे सध्या, तोंड उतरलंय. कांडी बदलत म्हणाली, "लाज त वाटनच न वं. लेक काय म्हणीन?"

"लेक काय म्हणेल? मी असते तर त्या पोराला खाली ठेवलं नसतं!"

"अन् तुले पाहाले आलेले पाहुणे हासले त?"

"हसणाऱ्यांच्या घरी मला जायचंच नाही."

रहाट थांबला. "सूत तुटलं," म्हणाली आणि बराच वेळ वाकून गाठ मारत बसली.

३ मार्च

दुपटं झालं. चार थर, कडेला उलटी टीप. बाबांनी मागावरची लाल किनार दिली, उरलेली. ताईंच्या हाती सोपवलं.

८ मार्च

होळी. बाबा कधी नव्हे ते घरात झाडू मारताना दिसले. मी हसले, तर म्हणाले, "हास, हास. बी.ए. झाली म्हणून काय बापाले हासशीन?"

१२ मार्च

ताई जिन्यातूनच म्हणाल्या, "दिलं गं तुझं दुपटं!"

म्हणजे मन ठरलं! मी ताईंना मिठीच मारली. त्या बाईला मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही कदाचित. कोणत्या तरी घरात माझ्या टाक्यांत एक बाळ निजेल. आणि ती लेक – तिच्यावरचा रागही गेला आता. देवा, तिलाही लवकर कळू दे.

२४ मार्च, पाडवा

गुढीला लावायचं लुगडं काढायला सकाळी मायची पेटी उघडली. तळाशी हिरवं दुपटं. लाल किनार. माझी उलटी टीप.

बाहेर रहाटाचा आवाज येत होता. किती दिवस एकटीच भरत होती ती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर पोटावर ओढून घेतला.

"सरक माय," मी म्हणाले, "मी भरते."